दिवा जरा खाली

दुसरी पाळी साडेअकराला सुटते.
उद्यमबागेच्या फाटकातून बाहेर पडलो की
अंगाला कूलंटचा वास, डोळ्यांत अजून लेथवरचा बल्ब,
आणि पुढं पिरनवाडी, मच्छे, देसूर.
नऊ किलोमीटर. त्यातले चार नुसते काळे.

पहिल्यांदा होता डायनामो,
आप्पांच्या सायकलीसोबतच आलेला, बाटलीएवढा.
टायरला टेकवला की घूंऽऽ करायचा,
पाय असे जड, जणू कॅरियरवर कुणी पाहुणं बसलंय.
पण फुकट. आपल्याच पोटऱ्यांचा उजेड.
चढाला काजवा, उताराला मोटारगाडी.
आणि गेट पडलं, थांबलो, की गेला.
मालगाडीचे डबे मोजत मी उभा,
मागच्या टेम्पोला पत्ताच नाही
की इथं एक माणूस आहे, डबा आहे, दोन चाकं आहेत.

मग बॅटरी. तीन सेलची, पत्र्याची,
जुन्या ट्यूबच्या पट्टीनं हँडलला आवळलेली.
खड्ड्यात विझायची,
चापट मारली की पेटायची.
हिनं हिशेबाच्या वहीत ‘सेल’खाली
दोन रेघा ओढल्या, बोलली काही नाही.
मी संपलेले सेल पत्र्यावर उन्हात घातले,
सांडग्यांच्या शेजारी.
सांडगे वाळले. सेल एक रात्र चालले.

शहापुरात बाबाजान किल्लेदार म्हणाला,
“हे घ्या की ओ, चार्जिंगचं.
मोबाइलच्या वायरीनं भरतंय. तीन तऱ्हा हाईत,
मोठं, बारीक, लुकलुक.
लुकलुक लावू नका बगा,
समोरच्याला दिसतंय, पण किती लांब ते कळत नाही.”
साडेचारशे. पन्नास पुढच्या पगाराला.

त्या रात्री रस्ता मला पहिल्यांदा दिसला.
खड्ड्यांना कडा होत्या.
उसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही,
शंभर पावलांवरून ओळखला.
मुंगसानं वळून बघितलं, दोन हिरवे मणी.
मी मोठंच ठेवलं, पूर्ण रस्ताभर मोठं.

मच्छेच्या वळणावर तो आला.
अकरा वर्षं येतोय, तिसऱ्या पाळीला जाणारा;
मला ठाऊक फक्त त्याच्या डायनामोचं घूं
आणि मडगार्डचा खडखडाट.
त्यानं डोळ्यांवर हात धरला,
सायकल डांबराखाली, मातीत, आडवी.
“लाइट केळगं माडो, मारायां!”

कानडी माझं शॉपपुरतं आहे,
स्पॅनर, चहा, सुट्टी, शिव्या.
एवढं मात्र कळलं.
अकरा वर्षांत त्याचं पहिलं वाक्य,
आणि ते असं.

उतरलो. दिवा बोटभर खाली वाकवला,
वर पाळीच्या जुन्या कार्डाची घडी खोचली, झापडीसारखी.
त्यानं पुढं उभं राहून पाहिलं,
मग वाकून पाहिलं, जसं काही जॉब पास करतोय.
“एष्टु?”
आकडा सांगितला. हसला.
स्वतःच्या डायनामोवर थोपटलं,
बैलाच्या मानेवर थोपटावं तसं.
नाव ईरप्पा. होसमनी की होसूर, वारा होता, नीट ऐकू आलं नाही.

मग तो गेला आणि मी मागं वळून पाहिलं.
काहीच नव्हतं.
पुढून मिणमिणता का असेना, दिवा;
मागून ईरप्पा म्हणजे नुसती रात्र.

शनिवारी बाबाजानकडून लाल चकत्या आणल्या, दोन.
एक मला, एक त्याला.
त्यानं वाकडी लावली, साखळीच्या बाजूला झुकलेली.
आता वळणावर मी बोट दाबून बारीक करतो,
तो मान जराशी हलवतो,
आणि टेम्पोच्या उजेडात ती वाकडी टिकली
पोल्ट्रीच्या दिव्यापर्यंत हलताना दिसते.

माझी बाटली मी अजून काढलेली नाही.
चार्जिंग एखाद्या रात्री विसरतं माणूस.

काल दव फार होतं.
त्याचा डायनामो ओल्या टायरवर घसरत होता,
उजेड येत होता, जात होता.
चक्रीला रबरी टोपी बसते म्हणतात.
बाबाजानला विचारायला हवं.